राजाजीनगरची नोंद कोण लिहिणार?

गॅझेटिअर म्हणजे एखाद्या प्रदेशातील गावे, शहरे, नद्या, डोंगर, देवस्थाने आणि बाजार यांची ठरावीक क्रमाने व ठरावीक शीर्षकांखाली दिलेली वर्णनात्मक सूची. इतिहासग्रंथात राजधान्या, लढाया आणि राजवंश यांना मानाचे पान मिळते आणि सामान्य गाव क्वचितच डोकावते. गॅझेटिअरमध्ये मात्र राजधानीला जे प्रश्न विचारले जातात तेच चाळीस घरांच्या वाडीलाही विचारले जातात : गाव कोठे आहे, किती माणसे राहतात, जमीन कोणाची आहे, पाणी कोठून येते, देऊळ कोणी बांधले, बाजार कोणत्या वारी भरतो. प्रश्नांची ही समानता हेच या वाङ्मयप्रकाराचे खरे मोठेपण आहे. इंग्लंडमधील पॅरिशच्या नोंदींपासून म्हैसूरच्या गॅझेटिअरपर्यंत ही परंपरा कशी आली आणि बेंगळुरूतील राजाजीनगरसारख्या वसाहतीपाशी ती का थबकली, हे समजून घेतल्यास आजच्या शहरांच्या स्मृतीविषयीचा एक महत्त्वाचा प्रश्न स्पष्ट होतो.

पॅरिश, बाजारगाव आणि त्यांची नोंद

इंग्लंडमध्ये गावोगावच्या वर्णनाची मुळे जुनी आहेत. विल्यम राजाने १०८६ मध्ये करून घेतलेली ‘डूम्सडे बुक’ ही पाहणी करआकारणीसाठी होती, तरी तिच्यात गावनिहाय नांगर, गिरण्या, कुरणे आणि कुळे यांची मोजदाद आढळते. विल्यम कॅम्डेन यांचा ‘ब्रिटानिया’ हा ग्रंथ १५८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात परगण्यांचे वर्णन प्राचीन अवशेषांच्या आधारे केलेले होते. कोशाच्या रूपातील गॅझेटिअर मात्र खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात बहरले : सॅम्युएल लुइस यांचा इंग्लंडचा स्थलवर्णनकोश १८३१ मध्ये चार खंडांत निघाला आणि जॉन मेरियस विल्सन यांचे ‘इम्पीरियल गॅझेटिअर ऑफ इंग्लंड अँड वेल्स’ १८७० ते १८७२ या काळात प्रसिद्ध झाले.

या कोशांचे मूलभूत एकक होते पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आणि त्याच्या धर्मोपदेशकाच्या अखत्यारीतील क्षेत्र. त्यात एखादे मोठे गाव आणि भोवतालच्या वाड्या येत. तथापि ते केवळ धार्मिक एकक नव्हते. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेल यांच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे सक्तीचे झाले, १६०१ च्या गरीब-कायद्याने निराधारांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर टाकली आणि रस्त्यांच्या डागडुजीचे कामही पॅरिशकडेच होते. त्यामुळे इंग्रज ग्रामस्थाचा जन्म, विवाह, मृत्यू आणि दारिद्र्य या सर्वांची कागदोपत्री नोंद त्याच्या पॅरिशमध्येच राहत असे, आणि गॅझेटिअरकाराला हे एकक आयते उपलब्ध होते.

विल्सन यांच्या कोशातील नोंदीची घडण जवळजवळ सर्वत्र सारखी आहे. प्रथम गावाचे नाव आणि परगणा, मग जवळच्या बाजारगावापासूनचे अंतर व दिशा, रेल्वे स्टेशन, टपालाचे ठिकाण. त्यानंतर एकरांत क्षेत्रफळ, स्थावर मालमत्तेचे मूल्य, लोकसंख्या आणि घरांची संख्या. पुढे जमिनीचा मुख्य मालक, आणि मग ‘लिव्हिंग’, म्हणजे उत्पन्नासह असलेले धर्मोपदेशकाचे पद, त्याचे वार्षिक मूल्य आणि ‘पॅट्रन’, म्हणजे त्या पदावर नेमणूक करण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे तो जमीनदार, बिशप किंवा विद्यापीठातील महाविद्यालय. शेवटी चर्चची वास्तू, अन्य पंथांची प्रार्थनागृहे, शाळा आणि धर्मादाय निधी. महाराष्ट्रातील वतन आणि इनाम यांची व्यवस्था ज्याला परिचित आहे, त्याला या रचनेत अनोळखी काही वाटणार नाही. जमीन, देवस्थान आणि पद यांची गुंफण दोन्हीकडे सारखीच घट्ट होती.

बाजारगाव हे याच व्यवस्थेचे दुसरे अंग होय. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आठवड्याचा बाजार भरवण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळत असे, आणि नव्या बाजारामुळे जुन्याचे नुकसान होऊ नये म्हणून दोहोंमध्ये पुरेसे अंतर असणे अपेक्षित होते. तेराव्या शतकातील ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेग्रंथात याचा हिशेब दिला आहे : माणसाची एका दिवसाची चाल वीस मैल धरावी, तिचे तीन भाग करावेत, सकाळचा भाग जाण्यासाठी, मधला खरेदीविक्रीसाठी आणि उरलेला दिवस मावळण्यापूर्वी घरी परतण्यासाठी; म्हणून दोन बाजारांमधील योग्य अंतर सहा मैल आणि दोन तृतीयांश. दख्खनमधील आठवडे बाजारांचे वार ज्या रीतीने शेजारच्या गावांत वाटून घेतलेले असतात, तिच्यामागेही पायी चालणाऱ्या शेतकऱ्याचा असाच हिशेब आहे.

या परंपरेत सर्वांत मोलाचे आहे ते माहिती देणाऱ्याचे स्थान. सर जॉन सिंक्लेअर यांनी १७९० पासून स्कॉटलंडमधील प्रत्येक पॅरिशच्या धर्मोपदेशकाकडे दीडशेहून अधिक प्रश्नांची यादी पाठवली आणि त्यांच्या उत्तरांतून १७९१ ते १७९९ या काळात ९३८ पॅरिशचा एकवीस खंडांचा वृत्तान्त सिद्ध झाला. हॅम्पशरमधील सेलबोर्न या पॅरिशवरील गिल्बर्ट व्हाइट यांचा १७८९ चा ग्रंथ हाही तेथेच राहणाऱ्या धर्मोपदेशकाने पक्षी, झाडे, ऋतू आणि जुने अवशेष यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून लिहिलेला आहे. उत्तर देणारा माणूस त्या गावात राहणारा होता, त्याला विहिरी आणि माणसे नावानिशी ठाऊक होती, हे या लेखनाच्या विश्वासार्हतेचे कारण आहे. त्याची मर्यादाही तेथेच आहे : जमीनदार आणि पॅट्रन यांची नावे नोंदीत येतात, शेतमजूर आणि स्त्रिया मात्र लोकसंख्येच्या आकड्यात विरघळून जातात.

भारतात आलेली पद्धत

भारतात प्रदेशवर्णनाची परंपरा इंग्रजांनी सुरू केली असे म्हणणे चुकीचे ठरेल. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त सुभे, सरकार आणि परगणे यांचा महसुली तपशील आहे, आणि सतराव्या शतकात मुहणोत नैणसी याने मारवाडच्या परगण्यांची गाववार माहिती संकलित केली होती. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर कॉलिन मॅकेन्झी यांनी म्हैसूरच्या पाहणीत गावोगावच्या कैफियती गोळा केल्या, त्या कावली वेंकट बोरय्या आणि त्यांचे बंधू लक्ष्मय्या यांच्यासारख्या देशी सहकाऱ्यांच्या बळावर. त्याच सुमारास, १८०० मध्ये, गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या आदेशाने फ्रान्सिस बुकॅनन मद्रासहून निघाले आणि म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांतील शेती, विणकाम, पशुपालन यांची पाहणी करून १८०७ मध्ये त्यांनी ती तीन खंडांत प्रसिद्ध केली. पुण्याजवळच्या लोणी या गावाचे डॉ. थॉमस कोट्स यांनी १८२० मध्ये लिहिलेले वर्णन इंग्रजी पॅरिश-वृत्तान्ताच्या सर्वांत जवळचे आहे. गावाची शीव, घरे, भांडी, पिके, बलुतेदार आणि कर्जे यांचा त्यात बारकाईने विचार केलेला आहे.

पुढे विल्यम विल्सन हंटर यांनी गॅझेटिअरची देशव्यापी योजना आखली आणि ‘इम्पीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया’ची पहिली आवृत्ती १८८१ मध्ये नऊ खंडांत निघाली. मराठी वाचकाला अधिक जवळचे असलेले जेम्स कॅम्पबेल यांचे मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर याच योजनेचे फळ. त्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास समाविष्ट झाला आणि भगवानलाल इंद्रजी यांच्या संशोधनाचाही उपयोग झाला. येथे एकक बदलले, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. पॅरिशची जागा जिल्ह्याने घेतली आणि धर्मोपदेशकाची जागा कलेक्टर व मामलेदार यांनी. गावकऱ्याच्या डोळ्यांनी गाव पाहण्याचे काम मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथाने केले, आणि तेही सरकारी योजनेबाहेर.

राइस यांचे म्हैसूर

म्हैसूरला लाभलेला गॅझेटिअरकार या दृष्टीने वेगळा होता. बेंजामिन लुइस राइस यांचा जन्म १८३७ मध्ये बेंगळुरूतच झाला. त्यांचे वडील लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक होते. शिक्षणखात्यात काम करताना राइस यांनी कन्नड भाषेवर प्रभुत्व मिळवले, पुढे पुरातत्त्व खात्याची धुरा घेतली आणि ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या बारा खंडांत सुमारे नऊ हजार शिलालेख व ताम्रपट प्रसिद्ध केले. म्हैसूर आणि कुर्ग यांचे त्यांचे गॅझेटिअर १८७६ ते १८७८ दरम्यान तीन खंडांत निघाले आणि म्हैसूरची सुधारित आवृत्ती १८९७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली.

या दोन आवृत्त्यांमध्ये एक भीषण दरी आहे. पहिली आवृत्ती तयार होत असतानाच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ म्हैसूरवर कोसळला. १८७१ च्या शिरगणतीत ५० लाखांहून अधिक असलेली संस्थानाची लोकसंख्या १८८१ मध्ये सुमारे ४२ लाखांवर आली. पहिल्या आवृत्तीतील तलाव, गावे आणि बाजार यांचे वर्णन त्यामुळे एका हरवलेल्या लोकजीवनाची साक्ष बनले. गॅझेटिअरमधील नीरस वाटणारा आकडा काही वर्षांतच किती मोलाचा ठरू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

राइस यांच्या ग्रंथात इंग्रजी साचा आणि कानडी मुलूख यांची भेट पदोपदी दिसते. पॅरिशमधील चर्च-वॉर्डन, म्हणजे चर्चच्या मालमत्तेचा व्यवस्थापक, आणि गरिबांच्या मदतीचा अधिकारी यांच्या जागी येथे गावचे बारा आयगार येतात : गौड म्हणजे पाटील, शानभोग म्हणजे कुळकर्णी, तळवार म्हणजे रखवालदार, नीरगंटी म्हणजे तलावाचे पाणी शेतांना वाटून देणारा, आणि त्यांच्यासह लोहार, सुतार, कुंभार, परीट, न्हावी आदी कारागीर. इंग्रजी बाजारगावाच्या जागी ‘संते’ येते, म्हणजे आठवडे बाजार. प्रत्येक जिल्ह्यातील मोठ्या संतेचे गाव, तालुका, वार आणि जमणाऱ्या लोकांची अंदाजे संख्या यांची कोष्टके राइस देतात, आणि ‘जात्रे’, म्हणजे यात्रा, यांचीही. त्या काळच्या म्हैसूरचे अर्थजीवन समजून घेण्यास या कोष्टकांइतके साधे आणि खात्रीचे साधन दुसरे नाही.

बेंगळुरूचे वर्णन करताना दोन शहरांचे वर्णन करावे लागे. एक केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेली जुनी पेठ, जिच्यात अक्कीपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या अशी व्यापारवार वस्ती होती. दुसरे १८०९ मध्ये स्थापन झालेले लष्करी ठाणे, ज्याला लोक ‘दंडु’ म्हणत. १८९१ च्या शिरगणतीत पेठेच्या शहरात ८०,२८५ आणि ठाण्याच्या हद्दीत १,००,०८१ माणसे होती. सुधारित आवृत्ती निघाल्यावर पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, बेंगळुरूत प्लेग आला. १९०१ मध्ये पेठेच्या शहराची लोकसंख्या ६९,४४७ वर घसरली. दाट पेठांतून लोकांना बाहेर काढण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या आखीव वसाहतींना वेग आला आणि शहराचे लक्ष पेठेबाहेरील शेतजमिनींकडे व खेड्यांकडे गेले. सी. हयवदनराव यांनी १९२७ ते १९३० या काळात पाच खंडांत सिद्ध केलेल्या नव्या म्हैसूर गॅझेटिअरमध्ये हे बदललेले शहर आले. राजाजीनगर मात्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

या भूमीवरील मराठी थर

राजाजीनगरच्या परिसराकडे मराठी वाचकाने विशेष आस्थेने पाहावे याला ऐतिहासिक कारण आहे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखालील विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांचे पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, यांच्याकडे ही जहागीर गेली. राजाजीनगरला लागून असलेल्या मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वर देवस्थानाशी निगडित १६६९ च्या शिलालेखात एकोजीराजांनी मल्लपुराच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. पुढे व्यंकोजींनी तंजावर येथे राज्य स्थापन केले, बेंगळुरू १६८७ मध्ये मोगल सेनापती कासीमखानाच्या हाती पडले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले.

एकोजींचे हे दानपत्र म्हणजे पॅरिशच्या नोंदीतील पॅट्रन आणि लिव्हिंग यांचेच कानडी-मराठी रूप आहे : दाता कोण, देवस्थान कोणते, उत्पन्नाचे गाव कोणते, हे सारे दगडावर लिहिलेले. मल्लपुराचे नाव मल्लेश्वरमच्या रूपाने टिकले, पण दान दिलेल्या गावाचे नाव आज भोवतालच्या रहिवाशांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

मराठी उपस्थिती जहागिरीबरोबर संपली नाही. हैदर व टिपू यांचे आणि पुढे म्हैसूरच्या बालराजाचे कारभारी झालेले पूर्णय्या देशस्थ मराठी कुळातील होते. विसाव्या शतकाच्या आरंभी व्ही. पी. माधवराव (१९०६ ते १९०९) आणि टी. आनंदराव (१९०९ ते १९१२) हे तंजावरी मराठी घराण्यांतील दिवाण म्हैसूरला लाभले. जुन्या पेठांत भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी समाजांनी कापडाच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या काम केले. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी तमिळ किंवा तेलुगू अशी त्यांची जीवनरीत सरकारी कोष्टकांत एका आकड्यापुरती उरते.

राजाजीनगर : नोंदीसाठी उपलब्ध असलेले द्रव्य

१९४१ मध्ये चार लाखांच्या घरात असलेली बेंगळुरूची लोकसंख्या १९५१ मध्ये पावणेआठ लाखांपलीकडे गेली. विमाने, दूरध्वनी-यंत्रे आणि यंत्रसामग्री यांचे कारखाने येत होते, १९४५ मध्ये शहरसुधारणा मंडळ स्थापन झाले होते आणि १९४९ मध्ये पेठेचे शहर व लष्करी ठाण्याची हद्द यांची मिळून एक महानगरपालिका झाली. याच संधिकाळात शहराच्या वायव्येस कामगार आणि उद्योग यांच्यासाठी जे औद्योगिक उपनगर आखले गेले, त्याला स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव मिळाले. क्रमांकांनी ओळखले जाणारे सहा ब्लॉक, औद्योगिक वसाहत, कॉर्ड रोड आणि कामगार राज्य विमा योजनेचे मोठे रुग्णालय ही त्याची ठळक अंगे झाली. केतमारनहळ्ळीसारखी जुनी खेडी या आखणीत सामावली गेली आणि त्यांची नावे गल्ल्यांच्या पत्त्यांत राहिली.

या वसाहतीच्या उत्तर कडेला सरकारी चंदन-साबणाचा कारखाना आहे. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूरच्या चंदनाची परदेशी निर्यात अडली, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वोडेयर आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये चंदनतेलाचा आणि त्यापाठोपाठ साबणाचा उद्योग सुरू झाला. त्याच उद्योगाचा आजचा कारखाना जुन्या बेंगळुरू–पुणे महामार्गावर उभा आहे. मराठी उद्योजकतेचा धागाही याच परिसरात सापडतो : औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीत १९१० मध्ये कारखाना काढणाऱ्या कुटुंबाने १९४६ मध्ये बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी स्थापन केली, आणि मल्लेश्वरम व राजाजीनगर यांच्या सीमेवर तिचा जो विस्तीर्ण कारखाना होता त्या जागी आज डॉ. राजकुमार रस्त्यावरील ब्रिगेड गेटवे हे उंच इमारतींचे, कार्यालयांचे आणि ओरायन मॉलचे संकुल आहे. १ मार्च २०१४ रोजी पीन्या ते संपिगे रोड हा मेट्रोमार्ग सुरू झाला. त्यावरील कुवेंपु रोड, राजाजीनगर, महालक्ष्मी आणि सँडल सोप फॅक्टरी ही स्थानके या परिसराची नवी मैलखूण ठरली.

विल्सन यांच्या इंग्रजी कोशाच्या साच्यात ही माहिती सहज बसते. अंतर आणि दिशेच्या ठिकाणी मेट्रो येते, मुख्य मालकाच्या ठिकाणी सुधारणा मंडळ आणि कारखाने येतात, चर्चच्या ठिकाणी प्रत्येक ब्लॉकमधील देवळे, मशिदी आणि चर्च येतात, धर्मादायाच्या ठिकाणी शाळा, वसतिगृहे आणि रुग्णालय येतात. साच्यात नसलेले आणि तरी अधिक आवश्यक असलेले प्रश्न वेगळे आहेत : जमीन संपादनापूर्वी ती कोण कसत होते, तलावांचे काय झाले, कारखाना बंद पडल्यावर कामगार कोठे गेले, घरकामासाठी येणाऱ्या स्त्रिया कोणत्या वस्तीतून येतात, आणि एका इमारतीत किती भाषा बोलल्या जातात.

नोंद लिहिण्याचे दायित्व

स्वातंत्र्यानंतर कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी गॅझेटिअरची परंपरा चालू ठेवली. सूर्यनाथ कामत यांच्या संपादनाखाली बेंगळुरू जिल्ह्याचे गॅझेटिअर १९९० मध्ये निघाले, आणि महाराष्ट्राच्या दर्शनिका विभागाने मराठीतही जिल्हावार खंड काढले. हे काम आदरास पात्र आहे. तरीही जिल्हा हे एकक धरल्यावर एका वसाहतीच्या वाट्याला पॅरिशइतका अवकाश येणे शक्य नाही, आणि लाखो माणसांचे नगर लहान लहान वसाहतींचेच बनलेले असते. इंग्लंडमध्ये १८९९ मध्ये सुरू झालेली ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ ही मालिका आजही पॅरिशनिहाय इतिहास प्रसिद्ध करते आणि त्यासाठी स्थानिक स्वयंसेवक अभिलेखागारांत बसून कागद वाचतात. सरकारने पूर्ण ग्रंथ काढावा आणि मगच गावाचा इतिहास लिहिला जावा, असे त्यांनी मानलेले नाही.

गॅझेटिअरमधील विधान अंतिम नसते, हेही या कामाला धीर देणारे आहे. बेंगळुरूच्या नावाची वीरबल्लाळ राजाला मिळालेल्या उकडलेल्या दाण्यांशी जोडलेली लोककथा राइस यांनी नोंदवली होती. पुढे बेगूर येथे सापडलेल्या, सुमारे ८९० च्या वीरगळावर बेंगळुरूच्या लढाईचा उल्लेख मिळाला आणि हे नाव त्या राजाच्या कितीतरी आधीचे असल्याचे सिद्ध झाले. नोंद झाली होती म्हणूनच ती तपासता आली. जी वसाहत कोणी लिहूनच ठेवली नाही, तिच्याविषयीची चूक सुधारण्याची संधीही पुढच्या पिढीला मिळत नाही.

राजाजीनगरमध्ये सुरुवातीच्या वर्षांत घर घेतलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. वाटपपत्रे, कारखान्यांची ओळखपत्रे, शाळांच्या स्मरणिका, गणेशोत्सव मंडळांचे जमाखर्च आणि जुनी छायाचित्रे अजून घराघरांच्या कपाटांत आहेत, आणि घर पाडून बहुमजली इमारत उभी राहते तेव्हा हे कागद रद्दीत जातात. तेथील मराठी कुटुंबांनी आपल्या कन्नड, तमिळ आणि तेलुगू शेजाऱ्यांसह ब्लॉकवार बसून ही माहिती विचारावी, तारखेसह लिहावी, सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि तिची एक प्रत कन्नडमध्ये व एक मराठीत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. सिंक्लेअर यांच्या प्रश्नावलीला उत्तरे देणारे धर्मोपदेशक इतिहासकार नव्हते; ते आपल्या गावात राहणारे आणि विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणारे लोक होते. राजाजीनगरची नोंद लिहिण्यासाठी तेवढीच पात्रता पुरेशी आहे, आणि ती तेथील प्रत्येक जाणत्या रहिवाशाकडे आहे.